हुकमांचं पुस्तक

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्यात पद्धत. ही गोष्ट सांगताना मी ती मोडणार आहे. सगळीकडे 'हे' 'हे' म्हणत बसले तर वाचणाऱ्याला नवरा कुठला आणि पुस्तक कुठलं ते कळायचं नाही, आणि पुस्तकं तर ह्यात तीन आहेत. तर माझ्या नवऱ्याचं नाव महिपत. घेतलं नाव. काही झालं नाही.

महिपत कल्याणच्या पुढे, टिटवाळ्याच्या वाटेवर, नदीकाठी उभ्या राहत असलेल्या एका कारखान्यात फाटकावर होता. साल चोपन्न. विजेच्या दिव्यांचा कारखाना. यंत्रं जपानातून यायची होती, आणि ती बसवून चालवायला शिकवणारे इंजिनियरही तिकडचेच. मालकांच्या डोक्यात आलं की आपली दहा मुलं निवडावीत आणि पाहुणे यायच्या आत त्यांना थोडं जपानी शिकवून ठेवावं. मुलं मिळाली. मास्तर डोंबिवलीहून मिळाले. गद्रे मास्तर, हायस्कुलातून निवृत्त झालेले, संस्कृत आणि इंग्रजीचे. जपानी त्यांना येत नव्हतं, पण पुस्तक चांगलं असलं की कुठलीही भाषा शिकवता येते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आपलं म्हणणं ते फार ठासून मांडत.

जपानी येणारा माणूस त्या सगळ्या पसाऱ्यात एकच होता. तो फाटकाशी स्टुलावर बसायचा आणि आत येणाऱ्या सिमेंटच्या गाड्या मोजायचा.

तो लढाईत गेला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सिंगापूर पडलं, हा पकडला गेला, आणि तिथून त्याला जहाजात कोंबून कुठल्याशा बेटावर नेलं. बेटाचं नाव त्यालाही धड सांगता यायचं नाही. जे आझाद हिंदमध्ये गेले त्यांना परत आल्यावर हार पडले. हा गेला नव्हता. ह्याला ना हार पडले, ना कुणी चार शब्द विचारले. सेहेचाळीस साली कल्याणच्या स्टेशनात उतरला तेव्हा मी त्याला ओळखलं ते नुसतं कानावरून. बाकी काही शिल्लकच नव्हतं ओळखण्यासारखं. पुढे मांस चढलं, रंग आला, पण बोलणं आलं नाही. मूल झालं नाही. वालधुनीच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहायचो, मी लोकांची पोलकी शिवायची, आणि दिवसभरात आमच्या घरात जे काही बोललं जायचं ते बहुतेक मीच बोलायची. मला बोलायला लागतं. नाहीतर माझं डोकं फिरतं.

कारखान्यात लागताना कारकुनाने विचारलं, भाषा कुठल्या येतात? ह्याने सांगितलं, मराठी, हिंदुस्तानी, जपानी. मी घरी कपाळाला हात लावला. म्हटलं, "जपानी कशाला सांगितलंत?" तर म्हणाला, "येते, म्हणून सांगितलं."

झालं. पुस्तक निवडायची वेळ आली तेव्हा मोठ्या साहेबांना ते आठवलं. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. मुंबईचे, बोलायला गोड. त्यांनी महिपतला आत बोलावून तीन पुस्तकं हातात दिली आणि म्हणाले, घरी न्या, बघा, आणि सोमवारी येऊन सांगा ह्यातलं बरोबर कुठलं. तुमचं मत पटलं तर मास्तरांच्या हाताखाली उच्चार शिकवायला तुम्हालाच घेऊ, फाटकावर उन्हातान्हात बसायला नको.

महिपतला रोमन अक्षरं येत नव्हती. मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली. म्हणजे पुस्तकं वाचायची मी आणि ऐकायचं त्याने. संध्याकाळी मशीन बाजूला सारून मी चटईवर बसले. तो समोर चहाचा पेला घेऊन.

पहिलं पुस्तक जाडजूड, कुणा पाद्र्याने लिहिलेलं, कसरीने खाल्लेलं. गद्रे मास्तरांनी फोर्टातल्या पदपथावर ते मिळवलं होतं आणि त्यांचा त्याच्यावर जीव होता, कारण त्यात क्रियापदांचे तक्तेच्या तक्ते होते. मी दोन पानं वाचली. महिपतने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "असं कुणी बोलत नाही गं." मी ते मिटून ठेवलं.

दुसरं बारीकसं, खाकी पुठ्ठ्याचं. लढाईच्या दिवसांत कल्याणला केवढा मोठा मिलिटरी कॅम्प होता. पुढे तिथे सिंधी लोक आले आणि मिलिटरीचं उरलंसुरलं लिलावात निघालं. पलंग, ताडपत्र्या, शिट्ट्या, आणि पोत्याने कागद. त्यातलं हे पुस्तक. आपल्या सैनिकांना जपानी कैद्यांशी बोलता यावं म्हणून छापलेलं. एकेक ओळ जपानी, रोमन अक्षरांत, आणि समोर इंग्रजी अर्थ. मी पहिला धडा काढला आणि पहिला शब्द वाचला, "कि ओ त्सुके."

महिपत उठून उभा राहिला.

मला आधी वाटलं विंचूबिंचू निघाला. पण त्याचे हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर, आणि नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर. पेला कलंडला होता, चहा चटईवर पसरत होता, त्याचं त्याला भान नव्हतं. मी म्हटलं, "अहो, काय झालं?" तो म्हणाला, "पुढचं वाच." आवाज त्याचा नव्हता. मी घाबरले होते, म्हणून सांगितलं ते केलं. पुढचा शब्द होता "बांगो". समोर अर्थ लिहिला होता, नंबर बोला. अर्थ वाचायच्या आतच तो असा ओरडला की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

मग हळूहळू खाली बसला. मी फडक्याने चहा पुसला, त्याचा घाम पुसला. तेव्हा म्हणाला, "हे पुस्तक अगदी बरोबर आहे. ह्यातलं सगळं मला येतं." आणि पुढे, "म्हणून हे नको."

तिसरं पुस्तक मुलांचं होतं, चित्रांचं. लढाईच्या आधी मुंबईत कापसाचे जपानी व्यापारी राहायचे, त्यांच्या मुलाबाळांची शाळाही होती. लढाई लागल्यावर त्यांची बिऱ्हाडं उठली आणि सामान विकलं गेलं, त्यातलं. छापील अक्षरं सगळी त्यांचीच, कोळ्याच्या जाळ्यासारखी, पण प्रत्येक ओळीखाली कुणीतरी पेन्सिलने रोमन उच्चार आणि इंग्रजी अर्थ लिहिला होता. त्या घरी शिकवायला जाणारी कुणी बाई असेल. मला महिपतकडे बघवत नव्हतं, मी खाली मान घालून वाचायला लागले. कुत्रा. होडी. छत्री. एका पानावर एक बाई शिवत बसली होती आणि तिच्या मांडीशी पोरगी. खाली लिहिलं होतं, ओकाआसान.

"म्हणजे काय?" महिपतने विचारलं.

"आई."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्याने तो शब्द तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हटला. म्हणाला, "इतकी वर्षं तिथे काढली, हा शब्द ऐकलाच नाही."

माझा पारा चढला. एवढ्या सगळ्या प्रकारानंतर मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी चिडते. म्हटलं, "मग काय, ते लोक आभाळातून पडले होते? आयांच्याच पोटी आले असतील ना?"

तो म्हणाला, "मला तसंच वाटायचं. आभाळातून पडलेत."

शेवटाकडे पाहुण्याचा धडा होता. दारात छत्री घेतलेला म्हातारा आणि आत गुडघ्यांवर बसून दार सरकवणारी मुलगी. ती म्हणते, इराश्शाइमासे. दोओझो. म्हणजे या, या, आत या. महिपतने ते चित्र कंदिलाजवळ धरून किती वेळ बघितलं. मग माझ्याशी जेवढं बोलला तेवढं तो परत आल्यापासून कधी बोलला नव्हता. म्हणाला, "शालू, तिकडे मी त्यांच्या फाटकाच्या आत होतो. आता ते माझ्या फाटकाशी येणार. दार मी उघडणार. त्यांना पहिला माणूस दिसणार तो मी. मला हे म्हणायचंय. ताठ उभं राहून, घरच्या माणसासारखं. एवढं एकदा जमलं ना, तर माझं तिकडचं संपलं असं मी समजेन."

मी म्हटलं, "जमेल. न जमायला काय झालं?" आणि मला ते खरंच वाटलं होतं.

सोमवारी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. मला न्यायचं म्हणजे त्याला संकोच, पण पुस्तकं वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. साहेब खुर्चीत, गद्रे मास्तर टोपी मांडीवर घेऊन बाजूला. महिपतने मुलांचं पुस्तक टेबलावर पुढे सरकवलं. "हे घ्या साहेब."

गद्रे मास्तरांनी ते उलटंपालटं केलं. "ह्यातलं तुम्हाला काय काय येतं, महिपतराव?"

"काहीच नाही."

"आणि हे?" मास्तरांनी खाकी पुस्तक उचललं.

"ते सगळं येतं."

"म्हणजे जे सगळं येतं ते नको, आणि ज्यातलं अक्षर कळत नाही ते हवं? मग मुलांना उच्चार काय शिकवणार तुम्ही?"

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. महिपतजवळ कारण होतं, पण ते टेबलावर मांडता येण्यासारखं नव्हतं. मग मलाच राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, त्या पुस्तकात नुसते हुकूम आहेत. उभे राहा, नंबर बोला, हात वर करा. पोरांना हे शिकवणार तुम्ही?"

गद्रे मास्तर माझ्याकडे वळले. ते रागावले नाहीत. फार समजुतीने म्हणाले, "बाई, कारखान्यात हुकूमच असतात. उचला, ठेवा, थांबवा, लवकर करा. इंजिनियर पोरांना हेच सांगणार. होडी आणि छत्री घेऊन ती पोरं यंत्रापाशी काय करतील? शिवाय ओळी लहान आहेत, रोमन आहेत, पाठ करायला सोप्या. माझं स्वतःचं मन त्या मोठ्या व्याकरणावर होतं, तेही मी सोडलं."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच निवडलं असतं. ह्याचाच मला जास्त राग आला.

खाकी पुस्तक ठरलं. महिपत फाटकावरच राहिला. मुलांचं पुस्तक कुणालाच नको होतं, ते साहेबांनी मला देऊन टाकलं.

वर्ग भरायचा फाटकाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाळी सुटल्यावर. गद्रे मास्तरांची शिकवायची रीत तुमच्या-आमच्या शाळेतली. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, एका सुरात, एका ठेक्यात, पाढ्यांसारखं. अर्थ मागाहून. एकदा जिभेवर बसलं की जन्मात जात नाही, असं ते म्हणत. दहा जवान पोरं छाती फुगवून कि ओ त्सुके, म्हणजे सावधान, आणि बांगो म्हणायची, आणि पत्र्यामुळे तो आवाज दुप्पट होऊन बाहेर पडायचा. बाहेर महिपत.

तो घरी यायचा तेव्हा त्याचे गुडघे ताठलेले असायचे. सबंध वर्ग तो फाटकाशी सावधान उभा राहून काढायचा, हे मला रघूने सांगितलं. रघू त्या दहांतला एक, नदीपलीकडच्या गावचा, भात लावणाऱ्यांच्या घरातला, मोठ्या तोंडाचा आणि मनाने मोकळा. तो वर्गात पुढे म्हणणारा होता. मला कौतुकाने सांगत होता, "वयनी, दादा काय उभा रव्हतंय! आमचा मास्तर बोल्ला, बघा, मिलट्रीचा मानूस म्हंजे असा. आमी दादाला बघूनच जोरानं बोलतंव."

मी म्हटलं, "रघू, जरा हळू बोला रे. त्यांना त्रास होतो."

"कसला तरास? त्याला तं सगला येतंय!"

महिपतने साहेबांना विचारून पाहिलं, वर्ग दुसरीकडे नेता येईल का. साहेब म्हणाले, दुसरीकडे छप्पर कुठे आहे, थोडे दिवस कळ काढा. रात्रपाळी मागितली, ती दिली नाही, कारण पाहुणे येणार तेव्हा फाटकावर उंच, रुबाबदार माणूस हवा होता.

पण घरी दुसरंच चाललं होतं. जेवणं झाली की मी मुलांचं पुस्तक काढायची आणि आम्ही पहिल्यापासून शिकायचो. हो, मीसुद्धा. महिपत भात वाढून घेताना गोहान म्हणायचा. मी शिवत असले की चित्रातल्या बाईकडे बोट दाखवून मला ओकाआसान म्हणायचा, आणि मग मी घाईने पान उलटायची, कारण ते आमच्या घरात खरं नव्हतं. एकदा मी दाराबाहेर जाऊन छत्री घेऊन उभी राहिले. भर उन्हाळ्यात छत्री! चाळीतल्या बायका बघायला लागल्या. महिपतने आतून दार उघडलं, ताठ उभा राहिला, हात दाराकडे केला आणि म्हणाला, "इराश्शाइमासे. दोओझो." मी म्हटलं, "आले हो आले." तो हसला. बारा-तेरा वर्षांनी मी त्याचे दात बघितले.

ते हसणं शेडमधल्या आवाजापुढे किती टिकणार, ही धाकधूक मला होतीच. म्हणून एक दिवस त्याला न सांगता मी डोंबिवलीला गद्रे मास्तरांच्या घरी गेले. ते ओसरीवर पंचा नेसून बसले होते. मला बघून आत जाऊन सदरा घालून आले. मी त्यांना सगळं सांगितलं. चहा सांडला ते, शेजाऱ्यांनी भिंत ठोकली ते, आभाळातून पडलेत ते, आणि पाहुण्यांना या म्हणायचंय तेही. मला वाटलं होतं वाद घालतील. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "अहो, हे मला त्या दिवशीच का नाही सांगितलं त्यांनी?"

मी म्हटलं, "मास्तर, ते सांगता आलं असतं तर आणखी काय हवं होतं?"

माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून मुलांचं पुस्तक मागून घेतलं आणि शेवटच्या दिवसांत पोरांना पाहुण्याचा धडा शिकवला. ठरवून दिलं की पाहुणे आले की आधी महिपत दार उघडून दोन शब्द म्हणेल, मग पोरांनी तेच एका सुरात म्हणायचं, आणि बस्स. खाकी पुस्तकातला एक शब्दही त्या दिवशी काढायचा नाही. महिपतला त्यांनी स्वतः येऊन हे सांगितलं. महिपत त्यांच्या पाया पडायला वाकला, त्यांनी पडू दिलं नाही.

पाहुणे आले तो दिवस मला नको असला तरी लख्ख आठवतो. फाटकाला आंब्याची पानं, रांगोळी, मालकांचा फोटोवाला. पाहुण्यांना ओवाळायला साहेबांच्या बाई यायच्या होत्या, त्यांना बरं नव्हतं, म्हणून तबक माझ्या हातात. महिपतने खाकी कपडे मी कडक इस्त्री केलेले घातले होते. दहा पोरं फाटकाच्या आत एका ओळीत, रघू पुढच्या टोकाला, आणि ओळ संपते तिथे, फाटकाशी, महिपत. त्याचे ओठ हलत होते. मला ते दुरून कळत होतं. मी तेच शब्द मनात म्हणत होते.

गाडी ठाण्याकडून आली. महिपतने फाटक उघडलं. दोन जपानी उतरले, एक तरुण, एक पन्नाशीचा, चष्मेवाला, हायाशी नावाचा. तो पन्नाशीचा माणूस चालत पुढे आला. महिपत एक पाऊल पुढे झाला, ताठ, हात दाराकडे केला, तोंड उघडलं, आणि मी बघितलं की त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. देवाशपथ सांगते, नव्हती.

आणि रघू घाबरला. आयुष्यात पहिल्यांदा परका साहेब एवढा जवळ बघितला, फोटोवाल्याचा दिवा चमकला, आणि पोराने महिपतची वाटच बघितली नाही. पुढे म्हणायची त्याची सवय. तोंड उघडलं आणि नवा धडा आठवेना. जे जिभेवर बसलं होतं तेच बाहेर पडलं. "कि ओ त्सुके!"

एकाने म्हटलं की बाकीच्यांनी म्हणायचं. नऊ जणांनी म्हटलं. मास्तर हात हलवत पुढे धावले, पण एकदा सुरू झालेला पाढा पोरं मध्येच सोडत नाहीत, हे त्यांनीच शिकवलं होतं. रघू "बांगो!" ओरडला आणि ओळीने आकडे सुरू झाले. इची! नी! सान! एकेक आवाज महिपतच्या दिशेने सरकत गेला. दहावा पोरगा ओरडला. पुढचा माणूस महिपत होता. त्याचे हात मांड्यांना चिकटले, हनुवटी वर गेली, आणि तो घसा फाडून अकरावा आकडा ओरडला.

लोकांना वाटलं बसवलेलंच आहे. टाळ्या पडल्या.

हायाशी साहेब जागच्या जागी थांबला. त्याने पोरांकडे बघितलंच नाही. तो महिपतकडे बघत होता. ते शब्द कुठले, असं उभं राहायला माणूस कुठे शिकतो, हे त्याच्या वयाच्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला. त्याने टोपी काढली, पाय जुळवले आणि महिपतसमोर कमरेत वाकला. खोल वाकला. तो माफी मागत होता, हे मला, एका शिवणकाम करणाऱ्या बाईला, कळलं. पण महिपतला ते कसं कळणार? तिकडे जपानी समोर आला की कैद्याने आधी वाकायचं असतं आणि त्याच्याहून खाली वाकायचं असतं. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी ते डोळ्यांनी बघितलं.

जपानी साहेब आधी वाकला, म्हणजे महिपतला उशीर झाला होता. तो झटकन वाकला. त्याच्याहून खाली. हायाशी साहेबाने ते बघितलं आणि तो आणखी वाकला, की पुरे, तुम्ही नको. तो आणखी वाकला म्हणून महिपत आणखी. महिपतची टोपी पडली. मग तो गुडघ्यांवर आला. मग हात टेकले. मग रांगोळीत कपाळ टेकलं. हायाशी साहेब घाईने काहीतरी बोलायला लागला, हात पुढे करून, रडवेल्या आवाजात, आणि जपानी भाषेतला तो आवाज कानावर पडला तसा महिपतने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

फोटोवाल्याने फोटो काढला. मालक शेजारच्याला म्हणाले, "काय अदब आहे बघा दोघांची." टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त गद्रे मास्तर तोंडावर धोतराचा सोगा दाबून उभे होते.

मी तबक खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. रांगोळीचा रंग त्याच्या केसांना लागला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तशी पाठ आक्रसली. मी म्हटलं, "अहो, उठा. झालं सगळं. उठा."

त्याने मान वर केली नाही. मातीतूनच म्हणाला, "हाइ."

होकाराचा त्यांचा शब्द.

मी त्याच्या कानाशी वाकले. म्हटलं, "अहो, मी आहे. शालू."

"हाइ," तो म्हणाला. "हाइ."